घाट चढणारी डाऊन गाडी

मराठीत ‘पर्यंत’, ‘कडे’, ‘वरून’ ही शब्दयोगी अव्यये नामाच्या मागून मुकाट येतात, तर इंग्रजीत ‘अप’, ‘डाऊन’, ‘पास्ट’ यांसारखी गतिदर्शक अव्यये, म्हणजे कुठून कुठे व कशाच्या अंगाने जावे हे सांगणारी, नामाच्या पुढे चालतात. आणि ऑक्सफर्डला उतरलेल्या मराठी प्रवाशाचे हाल त्यांच्या मागे गेल्यामुळेच सुरू होतात. मॉडलिन पुलाची वाट विचारावी (स्पेलिंगप्रमाणे ‘मॅग्डालेन’ म्हटल्यास होणारी शोभा वेगळीच), तर स्टेशनाबाहेरचे सद्‌गृहस्थ अत्यंत सौजन्याने किल्ल्याची टेकडी ‘पास्ट’, कारफॅक्सच्या मनोऱ्यापाशी ‘अप टू’ आणि मग हाय स्ट्रीटने ‘डाऊन’ असे सांगतात. ‘पास्ट’ म्हणजे जवळून जाऊन पुढे निघणे. परंतु खूण आली की थांबून पुन्हा विचारायचे, हा आपला शिरस्ता असल्याने प्रवासी टेकडीपाशी थांबतो, पुन्हा विचारतो आणि आणखी दोन अव्यये पदरात पाडून घेतो. ‘अप टू’ म्हणजे केवळ ‘पर्यंत’, हे लक्षात येईतो त्याने तिकीट काढून मनोऱ्याच्या ९९ पायऱ्या चढलेल्या असतात. वरून हाय स्ट्रीटचे वळण फार सुरेख दिसते, हे मात्र मान्य केले पाहिजे.

‘अप’ आणि ‘डाऊन’ यांचा चढ-उताराशी संबंध असतोच असे नाही; पुष्कळदा तो मानमरातबाशी असतो. रेल्वेच्या परिभाषेत लंडनकडे जाणारी गाडी ‘अप’, पण विद्यापीठाच्या परिभाषेत ऑक्सफर्डला जाणारा विद्यार्थी ‘अप’. त्यामुळे लंडनचा विद्यार्थी डाऊन गाडीत बसून ‘अप’ जातो. गैरवर्तनाबद्दल त्याला काढून टाकले, तर त्याचे घर स्कॉटलंडच्या डोंगरात असले तरी त्याला ‘डाऊन’ पाठवले असेच म्हणतात.

याबद्दल मराठी माणसाने इंग्रजांना हसण्यात फारसा अर्थ नाही, कारण मध्य रेल्वेवर मुंबईकडे येणारी गाडी ती ‘अप’, हा हिशेब आजही बिनतक्रार चालतो. पुण्याला निघालेल्या गाडीला कर्जतला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिने, लावतात, आणि ३७ फुटांना १ फूट असा बोरघाटाचा चढ ती धापा टाकत ओलांडते, तेव्हाही कागदोपत्री ती डाऊनच असते.