काय लावलंत?

पुण्याच्या टेकड्यांवर सकाळी दोन प्रकारची माणसं भेटतात. स्वतःची तब्येत सुधारायला आलेली आणि टेकडीची तब्येत सुधारायला आलेली. पहिल्यांच्या हातात काठी असते, दुसऱ्यांच्या हातात तेलाचे पाच लिटरचे कॅन, पाण्याने गच्च भरलेले. चढावर गाठ पडली की काठीवाले कौतुकाने विचारतात, "काय, किती झाडं लावली?"

या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं तर पंचाईत होते. "आज लावलं काहीच नाही, तीन पोती गाजरगवत उपटलं," असं सांगितलं की समोरचा चेहरा पडतो. "अहो, पण मग लावलं काय?" उपटण्याला आपल्याकडे प्रतिष्ठा नाही. उपटणाऱ्याचा सत्कार झाल्याचं कुणी ऐकलंय? लावणाऱ्याला मात्र नारळ, शाल आणि फोटो. एका रोपाला सहाजणांनी हात लावल्याचे फोटो मी पाहिले आहेत. त्यात रोपच तेवढं दिसत नव्हतं. महाराष्ट्र सरकारनेही 2019 साली 33 कोटी झाडं लावायचं लक्ष्य ठेवलं होतं. इतकी उपटण्याचं लक्ष्य ठेवायची हिंमत कुठल्याच सरकारला होणार नाही.

खरं तर आमच्या टेकड्यांचं दुखणं लावण्यातूनच सुरू झालं. वेताळ टेकडी घ्या नाहीतर पर्वती-पाचगावचा डोंगर. हे मूळचं गवताळ रान, अधूनमधून झाडं असलेलं. चार महिने पाऊस, आठ महिने ऊन. वर वीतभर माती आणि खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. एवढ्या भांडवलावर गवत सुखाने नांदतं. पण उन्हाळ्यात ते वाळतं, टेकडी पिवळी दिसते आणि पिवळं म्हणजे उजाड, असा आपला समज. मग काही दशकांपूर्वी तिच्यावर गिरिपुष्प लावलं गेलं. हे झाड मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं. नुसती फांदी खोचली तरी रुजतं, झपाट्याने वाढतं, कसली तक्रार करत नाही. सरकारी योजनेला याहून गुणी झाड मिळणं अवघड. टेकडी हिरवी झाली. त्या दाट सावलीत उन्हावर जगणारं गवत मात्र हटलं आणि गवताबरोबर चंडोल, तित्तिर यांचंही घर आक्रसलं.

गाजरगवताची गोष्ट तर आपल्या गावाला जास्तच जवळची. देशात त्याच्या फैलावाकडे लक्ष गेलं ते 1955च्या सुमारास आणि तेही पुण्यातच. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आलं, असं सांगतात. एकेक रोप हजारो बिया टाकतं आणि उपटणाऱ्याच्या हाताला खाज सोडतं. घाणेरी शोभेचं झुडूप म्हणून इंग्रजांच्या बागेत आली आणि कुंपण ओलांडून डोंगर चढली. तिच्यावर फुलपाखरं बसतात, त्यामुळे तिला तोडताना एखादी मावशी हमखास अडवते.

याउलट जिच्यावर माया करावी ती कुसळी पायमोज्यात घुसते म्हणून शिव्या खाते. एकदा तिचं बी तळहातावर घेऊन बघा. खाली टोकदार भाला, त्याला उलटे केस आणि वर पिळलेली लांब शेपटी. त्यावर बाटलीतलं थेंबभर पाणी टाका. शेपटीचा पीळ उलगडू लागतो आणि बी तुमच्या डोळ्यांदेखत गोल फिरतं. पहिल्या पावसात ते असंच फिरत फिरत स्वतःला मातीत रुतवून घेतं. खड्डा नको, खत नको, उद्घाटनाला पाहुणे नकोत.

झाडं लावूच नयेत, असं नाही. मेडशिंगी, सालई, गणेरी, धावडा, हिवर ही इथली मंडळी; विरळ का होईना, ती परत यायला हवीत. पण त्यांचा स्वभाव ओळखावा लागतो. मेडशिंगी उन्हाळ्यात पानं टाकते आणि काडीसारखी उभी राहते. वर्षभर लांबून पाणी वाहून आणणाऱ्या काकांना ती गेली असंच वाटतं, आणि ते हळूच डोळे पुसतात. कुणीतरी जाणता येतो, नखाने साल जराशी खरवडतो. आत हिरवं. काका लगेच कॅन उचलतात. त्यांना आता थांबवायला हवं, कारण फार लाड झाले तर मुळं खोल जायचं नाव घेत नाहीत. माणसांना हे पटवणं मुरुमात पहार मारण्याहून कष्टाचं. शिवाय तुळस, चिकू, गुलमोहर घेऊन वर येणारे भाविक असतातच. त्यांना नाही म्हणायला फार गोड बोलावं लागतं आणि आम्ही पडलो पुणेकर.

माझं मत विचाराल तर टेकडीवरचं निम्मं काम उपटण्याचं आहे, उरलेल्यातलं बरंचसं वणव्यापासून गवत राखण्याचं. लावण्याचं काम अगदी शेवटी.

तेव्हा येत्या पावसाळ्यात या. रोप आणू नका. रबरी हातमोजे आणा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला आणि श्रावण लागायच्या आत या. एकदा फुलावर आलं की गाजरगवत कुणाच्या बापाला ऐकत नाही.