न वाजवणारा पाचवा

बँडमध्ये सगळ्यांत महत्त्वाचं कोण, असं विचारलं की गायक नम्रतेनं खाली बघतो, म्हणजे उत्तर स्वतःचं नाव आहे हे इतरांना कळावं. गिटारवाला गायकाकडे बघून हसतो. ड्रमर म्हणतो, मी हात थांबवले तर तुम्ही कुठे जाल ते बघा. बेसवाल्याला कुणी विचारत नाही. माझं मत या चौघांपैकी एकालाही रुचणारं नाही. कुठल्याही कंपनीशी करार नसलेला, स्वतःच्या खिशातून गाणी रेकॉर्ड करणारा पुण्या-नाशिकचा एखादा बँड मित्राच्या गाडीतून परगावी वाजवायला निघतो, तेव्हा त्या गाडीतला सगळ्यांत महत्त्वाचा माणूस म्हणजे ज्याला काहीही वाजवता येत नाही तो. सुराशी त्याचं वैर नाही, ओळखही नाही. टाळ्या तो मनापासून वाजवतो आणि भलत्याच मात्रेवर वाजवतो. तरीही आपल्याकडचं स्वतंत्र संगीत त्याच्याच जिवावर चाललं आहे. हे मी गमतीनं म्हणत नाही. निदान हिशेब तरी गमतीचा नाही.

तो हिशेब असा. पुण्याच्या चौघांच्या बँडला गोव्यातल्या एका कॅफेनं वीस हजार रुपये कबूल केले आहेत असं धरून चालू. मूळ स्वतःची गाणी गाणाऱ्या, फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या बँडसाठी ही रक्कम वाईट नाही. पुष्कळ ठिकाणी याहून कमी पैसे आणि वर 'तुमची प्रसिद्धी होईल' एवढा दिलासा मिळतो. पुणे ते पणजी साधारण साडेचारशे किलोमीटर. जाऊन-येऊन नऊशे. पाच माणसं आणि मानगुटीवर बसलेली वाद्यं घेऊन घाट चढणारी गाडी लिटरला चौदा किलोमीटर गेली तरी तिचे उपकार मानावेत. म्हणजे चौसष्ट-पासष्ट लिटर पेट्रोल, शंभराच्या वरच्या भावानं साडेसहा हजार. खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी असे टोलनाके फास्टॅगमधून आपापला वाटा न बोलता कापून घेतात. दोन दिवसांचं पाच जणांचं खाणं, एक खोली, त्याआधी जॅमरूमचं तासावर भाडं. सगळं वजा करून उरलेल्याचे चार वाटे केले की बेसवाल्याच्या हाती येणाऱ्या पैशात बेसच्या तारांचा चांगला संचसुद्धा येत नाही. आता हीच गाडी भाड्यानं केली तर? किलोमीटरला अठरा रुपये धरले तर सोळा हजार दोनशे रुपये गाडीचेच झाले, ड्रायव्हरचा भत्ता वेगळा. जेवणाखाणाचा हिशेब सुरू होण्याआधीच बँड उपाशी. या दोन हिशेबांमधला जो फरक आहे, त्याचं नाव मित्र. सरकारी अनुदानाच्या कुठल्याही योजनेत हा लाभार्थी नसलेला दाता सापडणार नाही.

पण केवळ गाडी आहे म्हणून त्याला मोठेपणा द्यायचा तर तो गाडीचा सत्कार झाला. त्याची खरी विद्या डिकीपाशी दिसते. बेस गिटार चार फुटांच्या आसपास. पूर्ण ८८ पट्ट्यांचा कीबोर्ड साडेचार फुटांच्या घरात. ड्रमचा संच जागेवर मिळेल असं कॅफेवाल्यानं सांगितलेलं असतं, त्यामुळे ड्रमर 'फक्त' स्नेअर, झांजा, पेडल आणि खांबांची एक पिशवी आणतो, आणि ती पिशवी उचलताना ध्यानात येतं की ड्रमरांचे दंड वाजवून झालेले नसतात. सगळं सामान एकदम आत जात नाही. मागची सीट पाडली तर सामान बसतं आणि माणसं उरतात. सीट उभी ठेवली तर उलट. संगीतकार अशा वेळी सूचना देतात. न वाजवणारा मित्र त्या ऐकून घेतो, सगळं बाहेर काढतो आणि पुन्हा रचतो. कीबोर्ड कुणाच्या मांडीवर आणि कुठल्या टोलनाक्यापर्यंत, हे ठरवायलाही तोच हवा, कारण चौघांतला कुणीही ठरवलं तर बँड साताऱ्यापर्यंतच टिकेल. बँड फुटण्याची कारणं लोक कलात्मक मतभेदांत शोधतात. मला वाटतं, बरेचसे कलात्मक मतभेद मागच्या सीटवर मधे कोण बसणार इथूनच सुरू होत असावेत.

प्रत्यक्ष कार्यक्रमात तरी वाजवणाऱ्यांचं महत्त्व निर्विवाद असेल, असं वाटतं. तिथेही घोटाळा आहे. स्टेजवरच्या माणसाला लोकांना काय ऐकू येतंय ते कळत नाही. मोठे स्पीकर लोकांकडे तोंड करून असतात. वाजवणाऱ्याला समोर ठेवलेल्या मॉनिटरमधून जे येईल ते. शिवाय खर्जातला आवाज चहूकडे पसरतो आणि वरचा, टोकदार आवाज स्पीकर ज्या दिशेला बघतो तिकडेच जास्त जातो. म्हणून मागे उभ्या असलेल्या ड्रमरला आपलंच गाणं गोधडीखालून ऐकल्यागत येतं. साउंडचेक रिकाम्या जागेत होतो. मग माणसं येतात आणि त्यांचे कपडे वरचे सूर पिऊन टाकतात, तेव्हा दुपारी जमवलेला आवाज संध्याकाळी तसा राहत नाही. हे सगळं ऐकायला मधोमध एक माणूस हवा आणि तो बँडच्या बाजूचा हवा. मित्राला मिडरेंज म्हणजे काय ते माहीत नसतं. तो हाताची खूण करून सांगतो, 'शब्द कळत नाहीयेत.' साउंडवाल्याला एवढं पुरतं. बँडमधल्या चौघांना विचारलं तर चौघंही एकच सांगतील: माझा आवाज वाढवा.

दुसरं काम याहून अवघड. छोट्या जागी स्टेजसमोर दहा फुटांचा एक रिकामा पट्टा राहतो. लोक भिंतींना टेकून, टेबलांना धरून, बाटलीच्या आडून ऐकतात, पण त्या पट्ट्यात पाय ठेवत नाहीत. शाळेतला पहिला बाक आपल्याकडे मनातून कधीच जात नसावा. त्या पट्ट्यात पहिलं पाऊल टाकणारा हा मित्र असतो. तो नाचतो. नाच बघण्यासारखा नसतो, पण आपण याहून वाईट नाचणार नाही असा धीर बाकीच्यांना येतो आणि तिसऱ्या गाण्यापर्यंत पट्टा भरतो. मग तोच मागे जाऊन टी-शर्ट विकतो. कार्यक्रम संपल्यावर पैशांची आठवणही तोच करतो. नुकतंच माणसाच्या एकटेपणावर गाणं म्हटलेल्या गायकाला लगेच वळून 'बाकीचे दहा हजार?' असं विचारता येत नाही. मित्राला येतं, कारण त्यानं ते गाणं ऐकलेलंच नसतं. तो तेव्हा गाडी कुणाच्या फाटकासमोर लागली आहे ते बघायला गेलेला असतो.

आपल्याकडे कलावंत पूर्वीही गावोगाव फिरतच होते की, त्यांना कुठे लागत होता असा मित्र, असं कुणी म्हणेल. खरं आहे, पण ते कसे फिरत होते तेही बघावं. १९१३ साली निघालेली गंधर्व नाटक मंडळी मुक्काम हलवायची तेव्हा सगळं बिऱ्हाड हलायचं: नट, साथीदार, पडदे, कपडेपट, स्वयंपाकी. आजचं नाटक दौऱ्यावर जातं ते स्वतःच्या बसनं, नेपथ्यासकट, आणि नटाला त्याची 'नाईट' मिळते. तमाशाचा मोठा फड ट्रक आणि तंबू घेऊन निघतो, शे-दीडशे माणसांचं पोट त्यावर असतं, आणि चैत्रातल्या जत्रांच्या सुपाऱ्या नारायणगावच्या राहुट्यांत आधीच ठरतात. गावकरी येतात, घासाघीस होते, तारीख लिहिली जाते. ही सगळी व्यवस्था आहे. तिच्यात कष्ट आहेत, कर्ज आहे, पण कोण काय उचलणार ते ठरलेलं आहे. स्वतंत्र बँडला नारायणगाव नाही. त्याची सुपारी इन्स्टाग्रामवर ठरते, तीही पुष्कळदा अंगठ्याच्या चित्रानं. जिथे व्यवस्था नसते तिथे मित्र असतो.

आणि ही काही आपल्या गरिबीची गोष्ट नाही. लिव्हरपूलमध्ये नील ॲस्पिनॉल नावाचा मुलगा हिशेबनीस व्हायला शिकत होता. शाळेतले मित्र बँडमध्ये होते, याच्याकडे जुनी व्हॅन होती. तो बीटल्सना कार्यक्रमांना पोचवू लागला आणि पुढे कित्येक वर्षं त्यांच्या ॲपल कॉर्प्स या कंपनीचा प्रमुख होता. माल इव्हान्स टेलिफोन खात्यात इंजिनिअर. १९६३च्या जानेवारीत ॲस्पिनॉल आजारी म्हणून लंडनहून परतताना व्हॅन यानं चालवली. वाटेत पुढची काच फुटली. यानं उरलीसुरली काच ठोसा मारून पाडली आणि थंडीत तसाच चालवत राहिला. जगाला वेड लावायला निघालेले चौघे मागे ऊब मिळावी म्हणून एकमेकांवर आडवे पडले होते. रोलिंग स्टोन्सच्या इयन स्टुअर्टचं तर काय सांगावं? तो बँडचा पहिल्यापासूनचा पियानोवाला. १९६३ साली नव्या मॅनेजरला त्याचा चेहरा शोभेना आणि सहा जण म्हणजे गर्दी वाटली, म्हणून फोटोतून त्याला काढलं. तो रागावून गेला नाही. व्हॅन चालवू लागला, सामान लावू लागला आणि हवा तेव्हा पियानोही वाजवत राहिला. त्याला गोल्फचं वेड. बँडच्या मुक्कामासाठी तो मैदानाजवळची, गावापासून लांबची हॉटेलं निवडायचा. जगातल्या सगळ्यांत बेबंद बँडला सकाळी खिडकीतून हिरवळ बघायला लावणं ही सत्ता गायकाकडे नव्हती.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: मित्रांमुळेच उशीर होतो. साताऱ्यात कंदी पेढे, कोल्हापुरात मिसळ, निपाणी सोडून आजऱ्यामार्गे आंबोलीत धुकं बघायला थांबा, आणि मग सावंतवाडीला पोचेपर्यंत साउंडचेकची वेळ टळलेली. उशीर महाग पडतो हे मान्य. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांप्रमाणे रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षात फार तर पंधरा दिवस ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकतं, आणि ते पंधरा दिवस आपल्या बँडच्या वाढदिवसासाठी ठेवलेले नसतात. पाऊण तास उशीर म्हणजे तीन गाणी गेली. पण मिसळ कुणाला हवी होती ते शोधलं तर बोट ड्रमरकडे वळेल. आणि रस्ता चुकण्याचं म्हणाल, तर ३१ डिसेंबर १९६१ला ॲस्पिनॉल बर्फात वाट चुकला आणि लिव्हरपूल-लंडन प्रवासाला दहा तास लागले. दुसऱ्या दिवशी डेका कंपनीनं बीटल्सची परीक्षा घेतली आणि त्यांना नापास केलं. त्याला कुणी काढून टाकलं नाही. १९६२ साली ज्याला काढलं तो ड्रमर होता.

दुसरा आक्षेप नव्या माणसांचा: आता घरात रेकॉर्डिंग होतं, गाणं क्षणात जगभर जातं, मग घाट चढायचाच कशाला? कारण ऑनलाइन एका ऐकण्यामागे येणारी रक्कम रुपयांत नाही, पैशांत मोजावी लागते. हजार वेळा गाणं ऐकलं गेलं तरी त्यात पाच जणांची मिसळ येईलच असं नाही. टी-शर्टही समोर घाम गाळणाऱ्या बँडचा घेतला जातो. प्रवास हा या धंद्याचा तोटा आहे, आणि उत्पन्नाची दुसरी बरीशी वाटही नाही. अर्थशास्त्रात याला काय म्हणतात कोण जाणे. आपल्याकडे शेती म्हणतात.

तिसरा आक्षेप मला खरोखर टोचतो. हे सगळं गोड वर्णन झालं, पण याचा सरळ अर्थ फुकटची मजुरी असा नाही का? एक माणूस रविवार घालवतो, गाडी झिजवतो, रात्री एक वाजता सामान भरतो. गोव्यात जाऊन लाइम सोडा पितो, कारण धुक्यातून आंबोली चढवायची ती त्यालाच. आणि नाव पोस्टरवर चौघांचं. मैत्रीत हिशेब नसतो असं याला उत्तर देतात, आणि गंमत अशी की ते नेहमी घेणाराच देतो. स्टुअर्ट १९८५ साली गेला; मानाच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये रोलिंग स्टोन्सबरोबर त्याचं नाव लागलं ते १९८९ला. एवढा उशीर तर आंबोलीच्या धुक्यानंही होत नाही. आपला मित्र हौसेनं येतो, त्याला रस्ता आवडतो, बँडबरोबर असण्याची ऐट आवडते, हे सगळं खरं धरलं तरी हौस गिटारवाल्यालाही असते. त्याचा वाटा म्हणून कुणी कापत नाही.

तेव्हा बँडवाल्यांना एवढंच सांगणं आहे. गाडीचं पेट्रोल आणि टोल मानधनातून सगळ्यांत आधी बाजूला काढा. उरलेल्याचे पाच वाटे करा. आणि तो 'राहू दे रे' म्हणाला, तर ऐकू नका. त्याला सुरांतलं काही कळत नाही हे तुम्हीच सगळीकडे सांगत असता.