‘शंभर टक्के वॉटरप्रूफ’ छापणाऱ्यांना खुले पत्र

जॅकेट बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या साहेबांनो,

नमस्कार. मायन्यात ‘सप्रेम’ लिहिलेलं नाही, कारण प्रेम वाटावं असं तुम्ही काही केलेलं नाही. मे संपत आला की तुमच्या जाहिराती सुरू होतात. मागे धबधबा, पुढे हसरा तरुण, अंगात मुठीत मावेल असं दोनशे ग्रॅमचं जॅकेट आणि टॅगवर ठसठशीत अक्षरं : ‘शंभर टक्के वॉटरप्रूफ’. जुलैत तेच जॅकेट घातलेली पोरं हरिश्चंद्रगडावर कुडकुडत उभी असतात. सॅकचा पट्टा खांद्यावर दाबतो तिथून पाणी आत शिरतं आणि पाठीवरून कमरेपर्यंत उतरतं. टी-शर्ट पिळून काढावा लागतो. याला पाऊस नव्हे, तुम्ही जबाबदार आहात.

कापड किती पाणी अडवतं हे मोजता येतं. प्रयोगशाळेत कापडावर पाण्याचा दाब वाढवत नेतात आणि तीन ठिकाणी थेंब फुटले की थांबतात. तो दाब पाण्याच्या स्तंभाच्या मिलिमीटरमध्ये सांगतात. मोंब्लांभोवतीच्या यूटीएमबी शर्यतीत धावपटूजवळ टोपीचं, शिवणी बंद केलेलं जॅकेट असावंच लागतं आणि कापड किमान १०,००० मिलिमीटरचं असावं अशी शिफारस आहे. तुमच्या टॅगवर धबधब्याचं चित्र मावतं, मग हा आकडा का मावत नाही?

आता शिवणी. सुई गेली तिथे भोक पडलंच. ते बुजवायला आतून टेप गरम करून चिकटवावी लागते. तुम्ही ती खांद्यावर आणि टोपीला लावता, बगल आणि बाही तशीच सोडता. वर आतून जाळीचं अस्तर लावता, म्हणजे गिऱ्हाइकाला शिवण दिसायलाच नको. कमरेच्या कडेतून हात घालून अस्तर बाजूला केलं की तुमची काटकसर उघडी पडते.

‘घाम बाहेर टाकणारं’ हा तुमचा दुसरा दावा. कापडातून वाफ बाहेर जाते ती आत उष्ण-दमट आणि बाहेर थंड-कोरडं असेल तेव्हा. हिमालयात किंवा आल्प्समध्ये हे बरंच जमतं. सह्याद्रीत जुलैमध्ये बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असते, मग वाफ जाणार कुठे? चढावर माणूस आतून घामानेच भिजतो. इथे उपयोगाला येते ती बगलेखालची लांब चेन, आणि वजन कमी दाखवायच्या नादात तुम्ही नेमकी तीच काढून टाकता. हलकेपणा हवाच आहे, पण तो कशाच्या मोबदल्यात मिळाला हे सांगायला हवं. अडीच थरांचं जॅकेट हलकं असतं, पण त्याचा आतला थर उघडा राहतो आणि लवकर झिजतो. तीन थरांचं थोडं जड आणि महाग पडतं, पण सॅकचं घासणं जास्त काळ सोसतं. ही निवड गिऱ्हाइकाने करायची आहे. तुम्ही ती गुपचूप त्याच्या वतीने करून टाकता.

विकल्यावर तर तुम्ही तोंडच फिरवता. थेंब मोत्यासारखे घरंगळतात ते वरच्या लेपामुळे. चिखल, घाम आणि साध्या साबणाने तो लेप निकामी होतो, मग वरचं कापड पाणी पितं आणि आतली वाफ कोंडते. खास द्रावणाने धुऊन, सूचना असतील तशी मंद उष्णता देऊन, गरज पडली तर लेप पुन्हा चढवून जॅकेट सुधारता येतं. पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत सुटतो, म्हणून जॅकेट ओलं घडी करून ठेवायचं नसतं. हे तुम्ही सांगत नाही. पुढच्या जूनमध्ये माळ्यावरची पिशवी उघडली की पांढरे पोपडे गळतात आणि तुम्ही नवं जॅकेट दाखवता.

एवढा राग एका जॅकेटसाठी? हो. ओलं अंग आणि वारा एकत्र आले की हिमरेषेच्या खूप खालीही शरीराचं तापमान घसरतं. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक गार पाऊस, गारा आणि वादळी वारा आला. १७२ स्पर्धकांपैकी २१ जण दगावले. वारा अडवणारं जॅकेट तिथे सक्तीच्या सामानात नव्हतं, नुसतं सुचवलेलं होतं. डोंगरात हा कपडा जिवाशी जोडलेला असतो. खोटा टॅग लावणारा माणूस कुणाच्या तरी जिवावर पैसे कमावतो.

तेव्हा मागणी सरळ आहे. पाण्याच्या स्तंभाचा आकडा, वाफ सोडण्याचा आकडा, टेप सगळ्या शिवणींना आहे की काहींनाच, थर किती आणि वजन किती, एवढं टॅगवर छापा. छापता येत नसेल तर ‘भुरभुर पावसापुरतं’ असं लिहा आणि किंमतही तशीच लावा.

वाचकहो, या मोसमात दुकानात गेलात तर आधी जॅकेट उलटं करून शिवणी बघा, मग हे प्रश्न विचारा. उत्तर मिळालं नाही तर जॅकेट हँगरवर परत लावा आणि बाहेर पडा. गिऱ्हाईक विचारायला लागलं की टॅग आपोआप खरं बोलायला लागतील.

आपला,
एक ट्रेकर