रोहितपक्ष्यांस अनावृत पत्र

रा. रा. रोहितपक्षी, मु. पो. ठाण्याची खाडी, यांस
लोणार, जि. बुलढाणा येथून सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुमच्या कीर्तीचा आम्हाला ताप होऊ लागला आहे. विवराच्या काठावर पाहुणा गाडीतून उतरला की पहिला प्रश्न ठरलेला, ‘फ्लेमिंगो कुठे दिसतात?’ ते इकडे कधीमधीच येतात म्हटलं की असा चेहरा पाडतो, जणू तुमचं आरक्षण आम्हीच रद्द केलं.

तसं इथे तुम्हाला कमी काय आहे? समुद्र नाही, एवढंच. ती उणीव उल्केने भरून काढली. काळ्या पाषाणात सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा पाडला आणि पुढे त्यात खारं, वर सोड्यासारखं तीव्र पाणी साठलं. अशाच पाण्यात वाढणारं सूक्ष्म शेवाळ तुमच्यातल्या धाकट्या जातीचं मुख्य जेवण, असं ऐकतो. काठावर वास जरा उग्र येतो. पण खाडीत राहणाऱ्याने त्याला नाक मुरडू नये.

मानाचं म्हणाल, तर पाणथळ जागांच्या रामसर यादीत लोणार २०२० साली गेलं, तुमची खाडी २०२२ साली. तरी बोटी ऐरोलीहून सुटतात, दुर्बिणी तिकडे रोखल्या जातात, आणि आमच्या वाट्याला कमळजा देवीचं दर्शन घेऊन, सेल्फी काढून परतणारे. थोरलेपणाला आजकाल कोण विचारतो!

गुलाबी होण्याचा मार्गही आम्ही करून पाहिला. २०२०च्या जूनमध्ये सरोवरच गुलाबी झालं. टाळेबंदीत कोणाला येता येईना, पण फोटो देशभर फिरले. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने उलगडा केला, की पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि मिठात सुखाने नांदणाऱ्या सूक्ष्मजीवांनी हा रंग दिला. मग पाऊस आला, रंग गेला, आणि पाठोपाठ आमचं कौतुकही.

खरं सांगायचं तर इथे पक्ष्यांच्या १६० जाती नोंदलेल्या आहेत. लांडगाही आहे. पण दिसतो कोणाला? परवा काठच्या पांढऱ्या खारट चिखलात एक शेकाट्या चरत होता. काडीसारखे लांबलचक गुलाबी पाय, एकेक पाऊल उचलून मोजून टाकणं, सुईसारखी चोच पाण्यात टोचणं, सारं कसं बेतशीर. मागून आवाज आला, ‘अगं बघ, फ्लेमिंगोचं पिल्लू!’ चार मोबाइल वर झाले. शेकाट्या केकाटत उडून गेला. अपमान कोणाला आवडतो?

तिकडे तुमचं फार सुखाचं चाललंय, असंही नाही म्हणा. नवी मुंबई स्वतःला ‘फ्लेमिंगो सिटी’ म्हणवते, चौकाचौकात तुमचे पुतळे आहेत, भिंतींवर चित्रं आहेत. पाणथळ जागा मात्र बिल्डरांच्या डोळ्यात सलतात. पुतळ्याला चिखल लागत नाही, हा त्याचा मोठाच गुण. २०२४च्या मे महिन्यात घाटकोपरवर विमानाची धडक बसून तुमच्यातले चाळीसएक जण गेले, ते वाचून वाईट वाटलं. आमच्याकडे विमानतळ नाही. या मागासलेपणाचा असा उपयोग होईल, हे आमच्या पुढाऱ्यांच्याही ध्यानात आलं नसेल.

लांब पडतं म्हणू नका. २०१९ साली टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ तेराशे किलोमीटर वणवण करत आमच्याच जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला. पायी. वाटेत शेतं, नाले, रस्ते, सगळं आलं. तुम्हाला तर पंख आहेत.

तेव्हा कच्छहून निघालात की या वर्षी थोडी वाकडी वाट करा. चार दिवस राहा. तुमच्या निमित्ताने दुर्बिणी आल्या, तर टिबुकल्या आणि चक्रवाकही कोणाच्या तरी नजरेस पडतील.

कळावे, लोभ असावा.
आपला,
एक लोणारकर

ता. क. : येताना थव्यानेच या. एकटेदुकटे आलात, तर तुम्हाला शेकाट्या म्हणणारेही इथे भेटतील.