चढाचा कोस, उताराचा कोस

चीनमधल्या खेड्यात उतरलेल्या परदेशी प्रवाशाची पहिली समजूत अशी असते की आपण इथं बघायला आलो आहोत. ही समजूत फार तर दहा मिनिटं टिकते. गावाच्या तोंडाशी झाडाखाली बसलेली चार म्हातारी माणसं जागची हलतसुद्धा नाहीत, बसल्या बसल्या विचारतात: कुठला? वय काय? लग्न झालं? मुलं किती? पगार किती पडतो? पाचव्या प्रश्नाला प्रवाशाचा सातबारा त्यांच्या हाती आलेला असतो आणि प्रवाशाला अजून झाडाचं नाव कळलेलं नसतं. पुढं हा गृहस्थ पुस्तक लिहितो आणि 'या लोकांना खासगीपणाची कल्पना नाही' असं एक वाक्य त्यात हटकून घालतो. परदेशी माणसांनी चिनी खेड्यांवर लिहिलेल्या पुस्तकांत हसण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते बहुतेक मोजण्याच्या गोंधळातून आलेलं आहे. गाव पाहुण्याला झटपट आणि बरोबर मोजतं. पाहुणा गावाला सावकाश आणि चुकीचं मोजतो, आणि वर गावाचीच फूटपट्टी वाकडी आहे असं नोंदवून ठेवतो.

वयाचाच प्रश्न घ्या. चिनी खेड्यात अनोळखी माणसाला हाक मारायची ती नात्यानं: दादा, ताई, काका, आजोबा. त्यातही वडिलांच्या थोरल्या भावाला एक शब्द आणि धाकट्याला दुसरा. तेव्हा समोरचा आपल्या बापापेक्षा मोठा की लहान हे कळल्याशिवाय त्याला हाक तरी काय मारणार? 'जेवलात का?' या जुन्या चिनी नमस्काराचंही तसंच. नवखा प्रवासी खरं बोलायचं म्हणून 'नाही' म्हणतो आणि पान वाढायची वाट पाहत उभा राहतो. विचारणारा सायकल मारत केव्हाच पुढं गेलेला असतो. बोलण्यातून माहिती मिळावी असा हेतू नसतो, संबंध तेवढे राखायचे असतात, अशा बोलण्याला मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञानं १९२३ साली एक भारदस्त शास्त्रीय नाव दिलं. दुपारी तीन वाजता 'काय, झालं का जेवण?' असं विचारणाऱ्या मराठी माणसाला त्यासाठी शास्त्रज्ञाची गरज पडत नाही.

या मोजमापाच्या गोंधळाचा आद्य ग्रंथकार म्हणजे आर्थर स्मिथ. हा अमेरिकन मिशनरी शानडोंग प्रांतातल्या एका खेड्यात वर्षानुवर्षं राहिला. चिनी स्वभावावरच्या त्याच्या पुस्तकात एक प्रकरण वेळेबद्दलच्या बेपर्वाईवर आहे आणि एक अचूकतेबद्दलच्या. या दुसऱ्या प्रकरणात 'ली' या मापाची तक्रार येते. ली म्हणजे साधारण अर्धा किलोमीटर. पण या गावाहून त्या गावाला जितके ली, तितकेच परत येताना असतील असं नाही. चढाचे जास्त, उताराचे कमी. साहेबाच्या दृष्टीनं हा अडाणीपणाचा कळस. पण खांद्यावर कावड घेऊन डोंगर चढणाऱ्या हमालाला विचारा. त्याला मजुरी अंतरावर मिळते, आणि त्याच्या पोटऱ्यांना नकाशा वाचता येत नाही. अंतर म्हणजे लागणारे श्रम असं एकदा धरलं की चढाचा कोस मोठा निघणारच. आज मोबाइलवरचा नकाशा हेच करतो: जायला चाळीस मिनिटं, यायला पंचावन्न. त्याला कुणी बेपर्वा म्हणत नाही, उलट त्याचंच ऐकून लोक भलत्या गल्लीत गाडी घालतात.

घरात गेल्यावर गोंधळ वाढतो. उन्हातून आलेला प्रवासी पाणी मागतो. यजमानीणबाई मोठे फुलांचे गुच्छ रंगवलेला थर्मास उचलते, बूच 'फट्' करून उघडते आणि एनॅमलच्या मगात वाफाळतं पाणी ओतते. नुसतं पाणी. चहाची पत्ती नाही, साखर नाही. प्रवासी ते निववायला ठेवतो. पाहुणा पाणी पीत नाही, तेव्हा ते गार झालं असणार, असा सरळ निष्कर्ष काढून बाई मगात पुन्हा कढत पाणी घालते. हा सामना प्रवासी कधीच जिंकत नाही. त्याला वाटतं, ही हजारो वर्षांची गूढ परंपरा. गरम पाण्याचं कौतुक चीनमध्ये जुनं आहे हे खरं, पण उकळलेलंच पाणी प्या हे घरोघरी बिंबवण्यात १९५२ साली सुरू झालेल्या सरकारी आरोग्य मोहिमेचा मोठा वाटा आहे. नळाचा भरवसा नसलेल्या गावात उकळलेलं पाणी पिणारा माणूस शहाणा, आणि गार पाण्याचा हट्ट धरून दोन दिवस शौचकूपाच्या प्रदक्षिणा घालणारा प्रवासी हा खरा परंपरावादी.

मग जेवण. टेबलावर अकरा पदार्थ मांडून यजमान म्हणतो, 'आज काहीच नाही हो.' प्रवासी भाबडेपणानं अकरा बोटं मोजतो. 'साधंच आहे, गोड मानून घ्या' हे वाक्य श्रीखंड-पुरीच्या ताटासमोर ऐकलेल्या माणसाला इथं दुभाषा लागणार नाही. लागला तर तो पेल्यापाशी लागेल. चिनी पांढरी दारू बहुधा ज्वारीची असते, आणि तिची धार पन्नास टक्क्यांच्या आसपास. ज्या धान्याची आपण भाकरी थापतो त्याचं हे रूप पाहून सोलापूरकर थोडा वेळ गप्प होईल. पेला पेल्याला लावताना धाकट्यानं आपला काठ थोरल्याच्या काठाखाली धरायचा. पाहुणा म्हणतो, मी धाकटा. यजमान म्हणतो, छे, मान तुमचा. दोन्ही पेले एकमेकांना मान देत देत खाली उतरतात आणि शेवटी टेबलाला टेकतात. पुस्तकात यावर 'पूर्वेकडील औपचारिकता' असा शेरा पडतो. खरं तर दोन माणसांनी, भाषा येत नसताना, एकमेकांना मोठं म्हणण्याचा हा अत्यंत सुटसुटीत मार्ग आहे.

सगळ्यात मोठी चूक होते ती गावाच्या शांततेबद्दल. प्रवासी निर्मनुष्य गल्लीत उभा राहून 'काळ इथे थांबला आहे' असं लिहितो. काळ थांबलेला नसतो, बाजाराला गेलेला असतो. विल्यम स्किनर या अमेरिकन अभ्यासकानं १९४९-५० मध्ये सिचुआनमधल्या बाजारगावी राहून दाखवून दिलं की चिनी शेतकऱ्याचं जग खेड्याच्या वेशीपाशी संपत नाही. ते पंधरा-वीस खेड्यांच्या सामाईक बाजारापर्यंत पोचतं. आपल्याकडे बाजार आठवड्याच्या वारानं भरतो, तिथं चांद्र पंचांगाच्या तिथीनं: एकीकडे एक-चार-सातला, शेजारी दोन-पाच-आठला. व्यापारी त्याच क्रमानं फिरतो. पन्नाशीतला शेतकरी तोवर तीनेक हजार वेळा बाजाराला जाऊन आलेला असे, आणि चहाच्या दुकानात तासभर बसून पंचक्रोशीतली सोयरीक नि भांडणं ऐकून येत असे. आता गल्ली रिकामी असण्याचं कारण आणखी मोठं आहे. १९७८ मध्ये चीनमध्ये शंभरातली अठरा माणसं शहरात होती, २०२० च्या जनगणनेत जवळपास चौसष्ट. तरणी माणसं कारखान्यात, गावात आजी, आजोबा आणि नातवंडं. पुरातन चीन शोधत आलेल्या प्रवाशानं नोट पुढं केली की मुळे विकणारी आजी हातानंच नको म्हणते आणि तराजूला बांधलेल्या क्यूआर कोडकडे बोट दाखवते.

यावर पहिला आक्षेप असा की हे सगळं आपल्याकडेही आहे, मग त्यात चिनी काय? हा आक्षेप प्रवाशाच्या चुकीचा धाकटा भाऊ आहे. एकाला सगळं विचित्र दिसतं, दुसऱ्याला सगळं ओळखीचं, आणि दोघेही बघायचं थांबतात. आपल्याकडे पाहुण्याला माठातलं गार पाणी आणि गुळाचा खडा, तिकडे थर्मासातला चटका. आपल्याकडे बांधावरून भाऊ कोर्टात जातात. तिकडे जमीन गावाच्या सामूहिक मालकीची आणि शेतकऱ्याकडे ती करारानं, त्यामुळे भांडणाचं व्याकरणच वेगळं. उत्तरेकडे चुलीची धग विटांच्या ओट्यातून फिरवून त्यावर अख्खं घर झोपतं, याला मराठीत शब्द नाही कारण आपल्याला तशी थंडी नाही. 'पाटील' अशी हाक मारल्यावर दहा माना वळाव्यात तसं 'वांग' म्हटल्यावर होतं हे खरं, पण तिथं सबंध गावच एका कुळाचं असू शकतं.

दुसरा आक्षेप: मग परक्यानं हसायचंच नाही का? हसावं की. लू शुन या चिनी लेखकानं स्वतःच्या आ-क्यू या पात्रातून अख्ख्या खेड्याची टर उडवली. त्याच लू शुननं १९३६ मध्ये, मृत्यूच्या काही दिवस आधी, स्मिथचं ते पुस्तक कुणीतरी चिनीत आणावं अशी इच्छा व्यक्त केली. लोकांनी वाचावं, आणि कुठं खरं, कुठं खोटं ते स्वतः ठरवावं. परक्याचा आरसा वाकडा असला तरी कपाळावरचा डाग त्यात दिसतो. तिसरा आक्षेप: सगळ्यांनी वर्षानुवर्षं राहायचं कसं? नको राहायला. इझाबेला बर्ड ही इंग्रज प्रवासी लेखिका १८९६ मध्ये, पासष्टीच्या घरात असताना, सिचुआनमधून गेली. धर्मशाळांत गर्दी फटींतून डोळे लावून तिच्याकडे बघत बसे, एका गावी जमाव अंगावर आला. तिनं ते सगळं लिहिलं, म्हणून तिच्या पानांत गाव जिवंत आहे: बघणारी बघितली जाते आहे. चिनी बौद्ध भिक्षू ह्युएनत्संगही सातव्या शतकात महाराष्ट्रातून नुसता गेला. इथले लोक उपकार विसरत नाहीत, अपमान सोडत नाहीत, आणि लढाईआधी हत्तींना दारू पाजतात, असं त्यानं लिहिलं. आपण त्यातला स्वाभिमान पाठ्यपुस्तकाला दिला आणि हत्तींना मागच्या दारानं बाहेर काढलं.

फेइ श्याओतोंग या चिनी समाजशास्त्रज्ञानं, जो लंडनला त्याच मालिनोव्स्कीचा विद्यार्थी होता, खेड्यातल्या दाराची एक साधी गोष्ट नोंदवली आहे. कुणी दार वाजवलं, आतून 'कोण?' आलं, की बाहेरचा नाव सांगत नाही. म्हणतो, 'मी.' आवाज पुरतो. सगळ्या प्रवासवर्णनांची परीक्षा या दाराशी घ्यावी. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले, हेबेईच्या खेड्यांत जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले, चिनी शिकले, तिथंच लग्न केलं. मुलाच्या नावात भारत आणि चीन दोन्ही आले. १९४२ मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते तिथंच गेले. त्यांच्या नावावर प्रवासवर्णन नाही. 'मी' म्हटल्यावर ज्याला दार उघडतं त्याला गावाबद्दल लिहायला फुरसत नसते, आणि ज्याला फुरसत असते तो बाहेर उभा राहून नाव, देश, वय, पगार सांगत असतो. आतल्यांना तो पायरीवरच ओळखू येतो. गावाकडून पाहुण्याकडे उतार आहे, पाच प्रश्नांत संपतो. उलट दिशेचे ली स्मिथनं मोजले होते आणि आकडा जास्त निघाला म्हणून रस्त्याला नावं ठेवली होती.