ओल्या तावावरचं बोट

वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. दर मंगळवारी ही बातमी काही गाड्यांना लेण्यांच्या फाटकापाशी पोहोचल्यावर कळते. मग घृष्णेश्वराचं दर्शन होतं, खुलताबादेत भद्रा मारुतीपुढे नारळ फुटतो, तरीही निम्मा दिवस उरतोच. परतीच्या वाटेवर, दौलताबादच्या अलीकडे, कुणीतरी म्हणतं, "इथं हातानं कागद करतात म्हणे. फुकट आहे ना? मग बघू या." गाडी कागजीपुऱ्यात वळते.

गावाचं नाव धंद्यावरून पडलेलं. मुहम्मद तुघलकानं 1327 मध्ये राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवली, तिच्या मागोमाग कागद करणारेही आले, असं इथं सांगतात. राजधानी परत गेली, कागदवाले राहिले. जुन्या दफ्तरांतला दौलताबादी कागद तो हाच, सोन्याचा वर्ख शिंपडलेला अफशानीही इथलाच. आता काम मोजक्या हातांत उरलंय. बघ्यांचे हात मात्र भरपूर.

कारागीर हौदाच्या काठाशी बसलेला असतो. सुती चिंध्या कुटून केलेला लगदा पाण्यात ताकासारखा पातळ ढवळलेला. त्यात चौकट तिरकी बुडवायची, आडवी करून उचलायची आणि पाणी निथळता निथळता हलकेच हलवायची. लगदा सगळीकडे सारखा बसतो तो त्या हलवण्यात. मनगट चुकलं की ताव परत हौदात. नेमक्या त्याच क्षणी हाक येते, "चाचा, इधर देखो ना!"

"बोला की," चाचा मराठीत म्हणतात. पाहुणे तरी हिंदी सोडत नाहीत. पाहुणे अहिल्यानगरचे, चाचा खुलताबाद तालुक्यातले, आणि बोलणं दोघांच्याही घरी नसलेल्या भाषेत.

पुढचे प्रश्न ठरलेले. याला मशीन का नाही लावत? (मशीनचा कागद त्यांच्या ऑफिसात रिमच्या रिम येऊन पडतो. तो बघायला ते कधी गाडी वळवत नाहीत.) दिवसाला किती सुटतात? एवढ्याशा कागदाला एवढे पैसे? एक ताई रील काढत असतात. "काका, जरा हळू उचला. आता पुन्हा. नाही, लाइट नव्हता, अजून एकदा." तेवढ्यात धाकटा चिरंजीव ओल्या तावांच्या गठ्ठ्यात बोट खुपसतो. आई धावते. "अरे, हात घाण होतील!"

आणि हीच मंडळी बुधवारी लेण्यांत गेली की काय शहाणी होतात! दहाव्या लेण्याला लोक सुताराची झोपडी म्हणतात. छताला दगडात कोरलेल्या लाकडी फासळ्या बघून त्यांचे हात आपोआप जोडले जातात. राष्ट्रकूट कृष्णराजाच्या काळचं, आठव्या शतकातलं कैलास लेणं पाहून तर "कोण असतील हो ते कारागीर!" म्हणत डोळे पाणावतात. हजार-बाराशे वर्षांपूर्वी वारलेल्या कारागिराला कुणी भाव कमी करायला सांगत नाही. कायदाही त्याच्याच बाजूनं: संरक्षित स्मारकावर नाव कोरलं तर 2010 च्या दुरुस्तीपासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ओल्या तावात घातलेल्या बोटाला कलम नाही. कारागीर अजून जिवंत आहे, एवढंच त्याचं चुकतं.

बघ्यांची ही जात काही मराठवाड्यातच निपजली असं नाही. 1886 मध्ये लंडनच्या वसाहती प्रदर्शनात हिंदुस्थानी कारागीर मांडून ठेवले होते. गालिचे विणणारे, मडकी घडवणारे. पिढीजात ग्रामीण कलावंत म्हणून लाखो लोकांनी त्यांना डोळे भरून पाहिलं. त्यांतले बहुतेक आग्र्याच्या तुरुंगातून नेलेले होते. तुरुंगातल्या त्या कैद्यांपुढे निदान कुणी मोबाइल तरी धरला नाही.

खुलताबादेत दफन झालेल्यांत घासाघीस न होता माल विकलेला एकच कारागीर सांगता येतो. औरंगजेबानं म्हातारपणी टोप्या शिवल्या आणि त्या कमाईच्या चार रुपये दोन आण्यांतून आपलं कफन व्हावं असं लिहून ठेवलं, अशी कथा आहे. "बादशहा, ऑनलाइन स्वस्त मिळते," असं म्हणायची कुणाची टाप होती!

कागजीपुऱ्यातली भेट अभिप्रायाच्या वहीपाशी संपते. वही हातकागदाचीच. साहेब सावकाश लिहितात: "स्तुत्य उपक्रम. ही कला जपली पाहिजे." पेन जरा अडखळतं, तसा ते पुढच्या कोऱ्या पानावर गिरवून बघतात. विकत काही घ्यायचं नसतं, पण भद्रा मारुतीच्या प्रसादाच्या खोबऱ्याचं तेल सीटला लागत असतं. भिंतीवर वाळलेल्या तावांत एकाला मधोमध भोक असतं. मागल्या मंगळवारच्या कुणाच्या तरी चिरंजीवाचं.

"चाचा, ये तो खराबही है ना?"

चाचा ताव सोडवून देतात. साहेब त्यात खोबरं बांधतात, आणि भोकातून एक तुकडा गाडीत पडतो.