किरकोळ दुखण्याने दवाखान्यात जाण्याची रीत (शिरूर-दौंड विभाग)

दुखणे किरकोळ आहे की नाही, हे आधी ठरवून घ्यावे. डॉक्टर मंडळी त्यासाठी ताप किती, जखम केवढी खोल, असले प्रश्न विचारत बसतात. आपण घरातलं वेळापत्रक बघावं. उसाला तोड आली असेल तर १०३ चा तापही किरकोळ. थ्री फेज लाइट रात्रीची असेल, तर मोटर चालू करायला जाताना पायाला काय चावलं ते सकाळी उजेडात पाहता येतं. उलट, नावडत्या पाहुण्यांकडचं लग्न असेल तर साधी सर्दीसुद्धा ॲडमिट होण्याच्या लायकीची समजावी.

आता जायचं कुठे? गावात आरोग्य उपकेंद्र असतं, थोड्या अंतरावर प्राथमिक आरोग्य केंद्र असतं, तालुक्याला सरकारी रुग्णालय असतं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केस पेपरचेही पैसे लागत नाहीत. इथेच सावध व्हावं. फुकटच्या गोळीने गुण येतो यावर सुज्ञ माणसाने विश्वास का ठेवावा? शिवाय तिथे ओळखीचं कोणी दिसलं तर गावात वेगळीच चर्चा होते. म्हणून एसटी स्टँडजवळचा, जिन्यावर चपलांचा ढीग पडलेला दवाखाना गाठावा. चपला जितक्या जास्त, तितका डॉक्टरांच्या हाताला गुण जास्त. ढीग मोजताना आपलीही जोडी त्यात गेलेली असते, हे लक्षात आणून देणारा माणूस सोबत नेऊ नये.

सोबत मात्र चारजण तरी न्यावेत. पेशंटने बोलायचं नसतं. एकाने दुखणं सांगावं, दुसऱ्याने ते खोडावं, तिसऱ्याने “यांच्या वडलांनाबी असंच होतं” हे जोडावं आणि चौथ्याने बाहेर गाडी चुकीची लावून ठेवावी, म्हणजे तपासणी चालू असतानाच सगळ्यांना एकदम उठता येतं.

डॉक्टर तपासतील आणि गोळ्या लिहून देतील. हा कसोटीचा क्षण. चेहरा पाडून एवढंच म्हणावं, “नुसत्या गोळ्याच, सायेब?” डॉक्टर समजावू लागले की हा विषाणूचा ताप आहे, तीन-चार दिवसांत उतरेल, सुईची गरज नाही, तर मान डोलवावी आणि म्हणावं, “बरोबर हाय तुमचं. पण एक मारूनच टाका.” तरीही ऐकलं नाही तर उठताना पलीकडच्या गल्लीतल्या डॉक्टरांचं नाव घ्यावं. सुई मिळते.

सुईच्या वरची पायरी म्हणजे सलाईन. तिचा जरा हिशेब मांडू, कारण हा सगळा पट्टाच हिशेबी लोकांचा. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. साध्या सलाईनच्या तेवढ्याच बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ. बाकी पाणी. एका तालुक्यात न्हावऱ्याचा घोडगंगा कारखाना, दुसऱ्यात पाटसचा भीमा, वर दौंड भागात गुऱ्हाळं. साखर आणि गूळ बनवणाऱ्या या मुलखात माणूस पाच चमचे साखर शिरेतून घ्यायला खाटेवर आडवा होतो, आणि तास-दीड तास थेंब मोजत म्हणतो, “आता कसं, अंगात जान आली.” येणारच. तेवढा वेळ कोणी कामाला हाक मारलेली नसते.

जुलाब झाले तर हेच काम ओआरएसचं पाकीट करतं. लिटरभर पाण्यात साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ आणि आणखी थोडे क्षार. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपात असलंच पाणी कालवून नातेवाइकांच्या हाताने रोग्यांना पाजलं. शेकडा तीसच्या घरातलं मृत्यूचं प्रमाण चारच्या खाली आलं. पण बनगावच्या लोकांचा नाइलाज होता. आपल्याकडे बाटली उपलब्ध आहे, हातावरची चिकटपट्टी चारचौघांत दिसते, आणि भेटायला येणाऱ्यांना पाकीट दाखवून शहाळं मागता येत नाही. पाणीसुद्धा पोटात ठरत नाही किंवा शुद्ध हरपते आहे, अशा माणसाला सलाईन खरोखर लागतं. त्याला मात्र आपण “थोडं लिंबूपाणी घे, बरं वाटंल” म्हणून घरीच ठेवलेलं असतं.

जखमांचं शास्त्र निराळं. कोयता लागला तर हळद दाबावी, गुऱ्हाळात उकळती काकवी उडाली तर टूथपेस्ट फासावी, असा परंपरेचा आदेश आहे. भाजल्यावर वीस मिनिटं साध्या नळाखाली हात धरायला सांगणारा माणूस कंजूष ठरतो.

चावण्याच्या बाबतीत मस्करी आवरती घेतो. शिरूर तालुक्यात बिबट्याचं नख लागलं तर कोणी त्याला किरकोळ म्हणत नाही. वनखातं येतं, पंचनामा होतो, फोटो निघतात. कुत्रा चावला तर चुना आणि मिरची. वास्तविक रेबीज एकदा अंगात उठला की जवळजवळ कोणी वाचत नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, त्याच दिवशी लस घ्यायची, पुढे तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. रक्त आलं असेल तर लसीबरोबर सीरमही लागतं. आणि रात्री मोटरवर पायाला जे चावलं, ते मण्यार असेल तर दात उमटलेले दिसतीलच असं नाही, दुखेलच असंही नाही. सकाळच्या उजेडापर्यंतचा वेळ तिला पुरेसा असतो, माणसाला नसतो. १०८ लावा.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला नाही तर डॉक्टर बदलावा. पुण्याहून मनमाडकडे निघालेल्या गाडीचं इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला लावायचे, तसा आपला पेशंट दर थांब्यावर उलट्या दिशेने जोडला जातो. रेल्वेने निदान कॉर्ड लाइन टाकून तो खटाटोप वाचवला. नव्या डॉक्टरांना आधीची चिठ्ठी दाखवू नये, त्यांच्या बुद्धीची परीक्षा व्हायला हवी. रेल्वेने निदान कॉर्ड लाइन टाकून तो खटाटोप वाचवला. शेवटी कोणीतरी म्हणतंच, “पुण्याला हलवा.” मग ७०-७५ किलोमीटर जायचं. शिरूरकरांनी शिक्रापूर आणि वाघोलीच्या कोंडीचा वेळ धरून निघावं. बरेच ताप त्या कोंडीतच उतरतात आणि यश पुण्याच्या डॉक्टरांना मिळतं.

अँटिबायोटिक पाच दिवसांचं दिलं असेल तर दोन दिवस घ्यावं. बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या देवघराच्या फळीवरच्या डब्यात टाकाव्यात. तिथे चुलतभावाची पित्ताची, आजीची बीपीची आणि गाभण म्हशीची अशी औषधं गुण्यागोविंदाने नांदत असतात. जावेला ताप आला की डबा उघडावा. गोळी संपली असेल तर मेडिकलमध्ये जाऊन रिकामी पट्टी पुढे करावी. १ मार्च २०१४ पासून अशा बऱ्याच औषधांची, लिहून देणाऱ्या डॉक्टरांच्या नावासकट, दुकानदाराने वहीत नोंद करायची असा नियम आहे. त्याने डॉक्टरांचं नाव विचारलं तर त्याचंच नाव सांगावं.